नोटीस बोर्डाची चाल

मी गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि युकुलेले वाजवत स्वतःच गाते. विषय असे: सोसायटीची नोटीस, गॅस सिलिंडरचं बुकिंग, एका लग्नात आलेला आणि पुढच्या लग्नात सरकवलेला लेमन सेट, बँकेने केवायसीसाठी पुन्हा मागितलेलं आधार कार्ड, रात्री दोन वाजता खाली कुणाच्या तरी गाडीचा वाजत राहणारा अलार्म. उजव्या पायात घुंगरांची पट्टी, गळ्यात तारेच्या स्टँडवर कझू आणि समोर शाळेतल्यासारखी प्लास्टिकची फाइल. कझू हे पिपाणीच्या जातीचं छोटंसं वाद्य. त्यात फुंकायचं नसतं, गुणगुणायचं असतं. आमच्या पुण्यात अशा प्रकाराला “काहीतरी वेगळं करते” असं म्हणतात. ते कौतुक आहे की सांत्वन, हे म्हणणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखायचं.

इतकी वर्षं हे “वेगळं” करत राहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. तऱ्हेवाईकपणाला कुठेही सवलत मिळत नाही. सरळ गाण्यापेक्षा त्याचं काम जास्त काटेकोर लागतं आणि हिशेबाची वही तर दुप्पट जाड लागते.

लोकांना वाटतं, घुंगरू आणि कझू हे मी लक्ष वेधायला घेतले. खरं कारण पैशाचं आहे. ढोलकीवाल्याला मानधन देण्याची ऐपत नव्हती. हात युकुलेलेत गुंतलेले, पाय मोकळे, म्हणून ताल पायाकडे गेला. बासरीवाला परवडत नव्हता आणि दोन कडव्यांच्या मधे माझं तोंड रिकामं असायचं, म्हणून कझू आला. फाइल आली नोकरीतून. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचं काम करायचे. कागद क्रमाने लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पाठांतर यथातथा. आता प्रेक्षक फाइल उघडली की हसायला तयार होतात. कलाकाराची “शैली” म्हणून जे लक्षात राहतं, त्याचा बराचसा भाग त्याच्या अडचणींनी ठरवलेला असतो.

गाणं मी रीतसर शिकले. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा, मध्यमा पूर्णपर्यंत. त्यामुळे मी कझू विकत आणला त्या दिवशी आई नुसतं इतकंच म्हणाली, “गुरुजींना दाखवू नकोस हो.” पण गुरुजींच्या तालमीचा आणि मुद्रितशोधनाचा जेवढा उपयोग मला पापडाच्या गाण्यात झाला, तेवढा विरहाच्या गाण्यात झाला नसता. ते कसं, ते जरा सविस्तर सांगते.

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता. मजकूर नेहमीचाच: सर्व सभासदांना कळविण्यात येते की गच्चीत पापड, कुरडया इत्यादी वाळत घालू नयेत. मी तो कागद रोज लिफ्टची वाट बघताना वाचायचे. गाणं त्यात आहे हे कळत होतं, पण बसत नव्हतं. आधी चार-चार मात्रांच्या इंग्रजी वळणाच्या चालीत घातलं, तर ते जाहिरातीसारखं वाजायला लागलं. मग लक्षात आलं की या मजकुराला एक भारदस्त आसन हवं. म्हणून अभंगाचा साचा घेतला. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. त्यात नोटीस अशी बसली:

गच्चीत पापड । वाळवू नयेत ।
घरीच खावेत । हुकुमाने ॥

एरवी मी क्रियापदांवर यमक जुळवायचं टाळते. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे करतो-धरतो-मरतो अशी यमकं फुकट मिळतात आणि ऐकणाऱ्याला ती दोन ओळी आधीच दिसतात. पण इथे तीच फुकटची यमकं कामाला आली. नोटिशीची सगळी भाषाच नयेत, खावेत, भरावेत, ठेवावेत अशी एका रांगेत उभी असते. ती जशीच्या तशी गायली की हुकमाचा सूर आपोआप लागतो.

चाल भीमपलासच्या अंगाने बांधली. पांढरी सहा हा माझा षड्ज धरला, तर ए मायनर आणि डी मेजर एवढ्या दोन कॉर्डवर सगळं गाणं उभं राहतं. ए मायनर तर युकुलेलेवर एका बोटात धरता येतो. ताल केहरवा, आठ मात्रांचा. एका मात्रेला एक अक्षर धरलं, तर सहा अक्षरांच्या चरणामागे दोन मात्रा उरतात. शेवटच्या चार अक्षरांनंतर मात्र चार मात्रा मोकळ्या राहतात. हशा बरोबर तिथे बसतो. हशासाठी जागा सोडली नाही, तर लोकांच्या हसण्यात पुढची ओळ बुडते आणि त्यांना कथानक कळेनासं होतं. आणि हशा आलाच नाही, तर त्या चार मात्रा कझूने भरायच्या, जणू आपण ते आधीपासून ठरवलंच होतं.

ही मोजदाद रटाळ वाटेल, पण विनोदी गाणं तिच्यावरच चालतं. दुःखाच्या गाण्यात एखादा शब्द अर्धी मात्रा मागे पडला, तर लोक त्याला भाव म्हणतात. पापडाच्या गाण्यात तोच शब्द अर्धी मात्रा मागे पडला, की गंमत संपली. ऱ्हस्व अक्षर ओढलं, तर मराठी कान लगेच टवकारतो, कारण विनोदी गाण्यात श्रोता प्रत्येक शब्द ऐकत असतो. सुरेल आलाप घेऊन तिथून सुटका करून घेता येत नाही.

आणखी एक. नुसत्या गमतीवर चार मिनिटं निभत नाहीत. दोन कडवी हसवतात, तिसऱ्यात काहीतरी हाताला लागावं लागतं. माझ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यात कळतं की गच्चीत पापड घालणारी एकच आजी होती आणि ती आता मुलाकडे परदेशात गेली. गच्ची मोकळी आहे, नोटीस अजून लावलेली आहे. हे कडवं मी त्याच चालीत, त्याच लयीत म्हणते. आवाज हळवा करत नाही. तिथे शेवटच्या चार मात्रांत कुणी हसत नाही आणि मी कझूही वाजवत नाही.

हा काही माझा शोध नाही. एकनाथांनी विंचू, एडका, जोशी, वासुदेव असे रोजच्या बघण्यातले विषय भारुडात घेतले, आधी माणसं जमवली आणि मग आपलं म्हणणं सांगितलं. सोंग घ्यायचं, पण सोंगाआडचं म्हणणं पक्कं ठेवायचं, ही रीत आपल्याकडे काही शतकांची आहे. अलीकडचं बघायचं तर पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली, आणि २००३ साली सुरू झालेल्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने संदीप खरे-सलील कुलकर्णी यांच्या नव्या कवितांना आणि नव्या चालींना तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिला. म्हणजे मराठी माणूस फक्त जुनंच ऐकतो, ही तक्रार अर्धीच खरी आहे.

एकट्याने सगळं करण्याची उमेद मात्र मला गोव्यातून मिळाली, रेमो फर्नांडिसकडून. रेमो शिवोलीचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकला, युरोप-उत्तर आफ्रिकेत भटकला आणि गावी परत आला. १९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट काढली. गाणी बहुतेक इंग्रजीत, पण विषय, माणसं आणि थट्टा अस्सल गोव्याची. शब्द, चाली, गाणं, वाद्यं सगळं त्याचं. ध्वनिमुद्रण राहत्या घरी, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. तयार कॅसेट दुकानादुकानांत पोचवायलाही तोच, आपल्या स्कूटरवरून. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आली, त्याच्या पुढच्या वर्षी ‘पॅक दॅट स्मॅक’. मग हिंदी चित्रपट आले, नाव झालं, २००७ साली पद्मश्री मिळाली. पण मला भुरळ पडली ती चार ट्रॅकची.

चार ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. कॅसेटच्या पट्टीवर आवाजासाठी चारच गल्ल्या. गिटार, बेस, ताल भरला की तीन गल्ल्या संपल्या. आणखी काही हवं असेल, तर ते तिन्ही आवाज एकत्र करून चौथ्या गल्लीत उतरवायचे आणि पहिल्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. एकदा एकत्र केल्यावर गिटार कमी आणि ताल जास्त, असं मागाहून करता येत नाही. प्रत्येक वेळी थोडी खरखरही वाढते. त्यामुळे कोणतं वाद्य किती मोठं, हा निर्णय वाजवण्याआधी घ्यावा लागतो. माझ्या लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक उघडता येतात, आणि तिथेच घात होतो. निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून ढकलला जातो, आणि शेवटी पापडाच्या गाण्यात व्हायोलिनचा ताफा शिरतो. म्हणून मी स्वतःला आठ ट्रॅकचं कुंपण घालून घेतलं आहे. आवाज, युकुलेले, घुंगरू, कझू, एक बेस, एक टाळ, मागचा कोरस आणि एक जागा राखीव. राखीव जागा बहुधा रिकामीच राहते.

माझं ध्वनिमुद्रण घरीच, बेडरूममध्ये. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवायचं, त्याच्या समोर माइक, पाठीमागे गाद्या उभ्या. कपड्यांत आवाज मुरतो, भिंतीवरून परतत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. कंडेन्सर माइकला शेजारच्या कुकरची शिटीही ऐकू जाते. भाजीवाले, कचऱ्याची गाडी, संध्याकाळची आरती, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, हे सगळं टाळून जी वेळ उरते ती दुपारची दोन ते चार. पुण्यात ही वेळ अजून शाबूत आहे, हे आम्हा घरगुती गायकांचं भाग्य.

मुद्रणात एक पेच पडला तो हशाचा. कार्यक्रमात हशाने भरणाऱ्या त्या चार मात्रा रेकॉर्डिंगमध्ये ओक्याबोक्या वाटत होत्या. खोटा हशा घालणं मनाला पटेना. शेवटी तिथे फक्त पायातलं घुंगरू चालू ठेवलं. घरी एकट्याने ऐकणाऱ्याला त्या जागी स्वतःचं हसू ऐकू येतं, असं एका ताईंनी कळवलं. मला तेवढं पुरलं.

कार्यक्रमाच्या ठिकाणी पहिली परीक्षा साउंडवाल्यापाशी होते.

“ताई, बँड कुठंय?”

“हाच.”

“मग दोन माइक पुरतील.”

“तीन. एक पायाला.”

तो पायाकडे बघतो, मग माझ्याकडे. पायाचा माइक लावून होईपर्यंत तो बोलत नाही. साउंड चेकला मी पापडाचं गाणं म्हणते. दुसऱ्या कडव्याला तो कन्सोलमागे हसला, तर रात्र चांगली जाणार हे मी गृहीत धरते. कार्यक्रम छोट्या जागी उत्तम रंगतात. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या ठिकाणी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही चेहऱ्यावरची रेष दिसते, आणि माझ्यासारखीचं निम्मं काम चेहरे वाचण्याचं असतं.

दिवाळी पहाटेचं गणित वेगळं. तिथे उटणं-फराळ आणि बाबूजी, आशाताई, माणिकबाई यांचं ठरलेलं नातं आहे. मध्यंतरात संयोजक हळूच येऊन म्हणतात, “मॅडम, छान आहे हो तुमचं, पण एखादं आशाताईंचं झालं असतं तर…” पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी आशाताईंचं एक गाणं मनापासून म्हणते आणि त्याला लागूनच सिलिंडरचं गाणं घेते. ओळखीचं ऐकून माणूस सैलावतो, मग अनोळखी ऐकायची त्याची तयारी होते. यात तडजोड वगैरे काही नाही. मैफलीत काय कशानंतर घ्यायचं, हे ठरवणं गवयाचंच काम आहे.

आता पैशाचं. एका गाण्यात मालकीच्या तीन गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. चित्रपटात या तिन्ही वेगवेगळ्या हातांत असू शकतात. माझ्या बाबतीत तिन्ही माझ्याच, पण पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात आणि प्रत्येक दारावर वेगळा अर्ज. गीतकार आणि संगीतकार म्हणून मी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची सभासद. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या कॉपीराइट कायद्याखाली पुन्हा नोंदली गेली. ध्वनिमुद्रणाचे पैसे येतात ते गाणी सगळ्या ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडून. त्यासाठी प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. हे क्रमांक माझ्या फाइलमध्ये गाण्याच्या शब्दांखाली लिहिलेले असतात. मुद्रितशोधकाची खोड, पण तिने मला बऱ्याचदा वाचवलं आहे.

ॲपवरून किती मिळतं, हा प्रश्न सगळे विचारतात. स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आलं. २०२४ पासून त्यांचा नियम असा की, मागच्या बारा महिन्यांत निदान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकला मुद्रणाची रॉयल्टी नाही. माझी काही गाणी ही रेषा ओलांडतात, काही रेषेच्या अलीकडेच बसून राहतात. लेमन सेटचं गाणं लग्नसराईत ओलांडतं. एकंदरीत या पैशात युकुलेलेच्या तारा आणि चहा सुटतो. घर चालतं ते कार्यक्रम, मुलांच्या गीतलेखनाच्या कार्यशाळा आणि जाहिरातींच्या जिंगल्सवर.

जिंगलच्या कामाने मला करार वाचायला शिकवलं. एका एजन्सीकडून आलेल्या करारात लिहिलं होतं की शब्द, चाल आणि आवाज यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी त्यांचे. मी विश्वाला हात लावला नाही, पण ‘कायमस्वरूपी’ खोडून तिथे ‘दोन वर्षे’ लिहिलं आणि कागद परत पाठवला. त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं. नंतरच्या एका ग्राहकाने तीच अट फोनवरच मान्य केली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहूनही सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे माझ्या पापडाच्या गाण्याचा हक्क त्या गच्चीपेक्षा जास्त टिकायची शक्यता आहे. तो सही करून देऊन टाकण्याआधी एकदा नीट वाचायला हरकत नसावी.

कार्यशाळेत मुलं विचारतात, “आम्हीपण असं विचित्र काहीतरी करू?” मी सांगते, विचित्र करायला जाऊ नका. तुम्हाला रोज काय दिसतं, ते लिहा आणि अक्षरं मोजा. एका मुलाने व्हॅनवाल्या काकांच्या हॉर्नवर गाणं लिहिलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी हॉर्न. मात्रा जुळत नव्हत्या तर त्याने शब्द कापले, हॉर्न तेवढाच ठेवला. त्याला कुणी शैली शिकवली नव्हती. कोणती गोष्ट सोडायची नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: गाणं ॲपवर चढवण्याआधी शब्द आणि चाल आपल्या नावावर नोंदवा, करारातली मुदत आधी बघा, आणि विनोदी गाण्याचा रियाज गंभीर गाण्याहून जास्त करा. आणि रसिकांना एक विनंती. आमच्यापैकी कुणाला “येऊन दोन गाणी म्हणा, मजा येईल” असं सांगाल, तेव्हा मानधनाचा आकडाही त्याच वाक्यात सांगा.